पचमढी ते महाल पायी, आणि लोधीखेड्याला आलेले गार्डकाका

पाऊलखूण | २५ जानेवारी, रात्री ९:४०

डिसेंबरात इथेच विचारलं होतं की पचमढीहून नागपूरला पायी यायचं तर रस्ता कोणता घ्यावा. तुम्ही सगळ्यांनी भरभरून सांगितलंत, म्हणून पोचल्याची बातमीही इथेच देते. २ जानेवारीला निघाले, २० जानेवारीला नागपूरच्या महाल भागातल्या घरी पोचले. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर.

ज्यांनी जुना धागा वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझे आजोबा महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीजवळच्या चौरागडला महादेवाच्या दर्शनाला जायचे. विदर्भातल्या कितीतरी घरांत हे आहे. आजी सांगायची, जाताना कशानंही जा, पण महादेवाहून येताना माणसानं पायी यावं, म्हणजे घर हळूहळू जवळ येतं. तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात तीस वर्षं होतं. पन्नाशी पूर्ण झाली आणि ठरवलं.

मार्ग: पचमढी, मटकुली, देलाखारी, तामिया, परासिया, छिंदवाडा, उमरानाला, सिल्लेवानी घाट, रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, सातनूर, केळवद, सावनेर, पाटणसावंगी, कोराडी, नागपूर. सातपुड्याच्या जंगलातला टप्पा फक्त उजेडात चालले. सकाळी आठच्या आधी निघायचं नाही, चारच्या आत गावात, हा नियम तामियापर्यंत पाळला. तामियाच्या कड्यावरून खाली बघितलं तेव्हा धुकं दऱ्यांमध्ये दूध ओतल्यासारखं भरलं होतं. त्या दिवसांबद्दल वेगळं लिहीन. परासियाच्या पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांची धूळ फार, तोंडाला ओला रुमाल बांधूनच चाला, एवढं मात्र आत्ताच सांगते.

आज मला शेवटच्या आठवड्याबद्दल लिहायचं आहे.

अकराव्या दिवशी उमरानाल्याच्या पुढे जिथे मुक्काम ठरवला होता ती सोय झाली नाही, म्हणून मी ताणून रामाकोन्यापर्यंत चालले. तीस किलोमीटरच्या आसपास आणि त्यात सिल्लेवानी घाटाचा उतार. उतारावर डाव्या नडगीत कळ यायला लागली. दुसऱ्या दिवशी सौंसरला पोचेपर्यंत पाय टेकवताना डोळ्यांत पाणी यायचं. घरी फोनवर मात्र "मस्त चाललंय" एवढंच सांगत होते. आईचं वय शहात्तर. तिला काय सांगणार?

आमचा सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरणाऱ्यांचा एक गट आहे, आठदहा जणांचा. त्यांना मी दर पाच किलोमीटरला मैलाच्या दगडाचा फोटो टाकत होते. सोबत मजकूर काही नाही, फक्त दगड. सगळे अंगठा दाखवायचे, कोणी "भारी" लिहायचं.

गटात एक काका आहेत, आम्ही त्यांना गार्डकाका म्हणतो. रेल्वेच्या नागपूर–छिंदवाडा छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, त्यांनी गार्ड म्हणून कितीतरी वर्षं काढली. ती लाइन २०१५ मध्ये बंद झाली, आता त्याच मार्गावर मोठी लाइन आहे. इतवारीपासून छिंदवाड्यापर्यंतची स्टेशनं ते अजूनही झोपेत म्हणून दाखवतील. ते फोटोला अंगठा वगैरे काही द्यायचे नाहीत. मला वाटायचं, ते बघतही नसतील.

संक्रांतीच्या दिवशी सौंसरहून निघाले. दहाबारा किलोमीटरवरचं लोधीखेडं गाठायला दुपार झाली. टपरीवर चहा सांगायला गेले, तर बाकावर गार्डकाका बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, डोक्याला मफलर. मला वाटलं, त्यांचं इथे कोणी नातेवाईक असेल.

मी विचारलं, "काका, तुम्ही इथं?"

म्हणाले, "गाडी लेट होऊन राहिली, म्हणून पाहायला आलो."

मग खिशातून छोटी वही काढली. माझ्या प्रत्येक फोटोची वेळ त्यांनी तारखेसकट लिहून ठेवली होती. पाच किलोमीटरला मला सव्वा तास लागायचा. रामाकोन्याच्या पुढे दीड तास झाला, मग पावणेदोन. सौंसर सोडल्यावर दोन तास दहा मिनिटं. "तू काही बोलली नाही, पण टाइम बोलून राहिला होता," म्हणाले. सकाळची पहिली बस धरून ते आले होते. घरी काकूंना सांगून, गटात मात्र कोणाला न सांगता, कारण सांगितलं असतं तर दहा जणांनी मला दहा फोन केले असते.

मी तिथेच बाकावर बसून रडले. टपरीवाल्या दादांनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

तुम्हाला वाटेल, आता काका म्हणाले असतील, चल, बसमध्ये बस. खरं सांगू का, त्या क्षणी ते तसं म्हणाले असते तर मी बसलेही असते. दोन तासांत घरी. पण ते म्हणाले, "आज इथंच मुक्काम. उद्या जेवढं होईल तेवढं. टाइमटेबल बदलता येते बाई, गाडी रद्द करायचं काम नाही." आणि मग विचारलं, "सॅक देतेस का मला?" हिसकावली नाही. विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या मागे चालले. पुढे नाही, बाजूला नाही, मागे, दहा पावलांवर. काठीला लाल कापड बांधलेलं, मागून येणाऱ्या ट्रकांना दिसावं म्हणून. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पाठीवर माझी सॅक. मी मधेच बसले की तेही थांबायचे आणि बोलायचे नाहीत. फक्त वहीत वेळ लिहायचे. त्यांच्या पिशवीत काकूंनी दिलेले तिळाचे लाडू होते. ते दर थांब्याला एक काढून माझ्या हातावर ठेवायचे.

केळवदच्या अलीकडे त्यांनी मला विचारून गटाला कळवलं. केळवदजवळ आमच्यातल्या एकीच्या भावाचं शेत आहे, संत्र्याची बाग. आम्ही पोचलो तेव्हा बांधावरून धूर दिसत होता. गवऱ्यांचा आर पडला होता, त्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजत ठेवलेले, शेजारी चुलीवर वांग्याची भाजी. पाच जण नागपूरहून आले होते. रोडगे फोडून त्यावर तूप सोडलं तो वास मी आयुष्यभर विसरणार नाही. बारा-तेरा दिवस ढाब्यावरचं डाळ-रोटी आणि बिस्किटं खाल्ल्यावर वांग्याच्या भाजीचा तिखट रस्सा घशाखाली उतरला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी आपल्या मुलखात आले. (सौंसरलाही लोक मराठीच बोलतात, तरी जेवणानं जे कळतं ते वेगळं.)

आमच्यातल्या डॉक्टरताईंनी पाय बघितला. नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली नेला. दुखणं बोटभर जागेत आहे की वीतभर पसरलेलं, हे त्या बघत होत्या. एकाच ठिकाणी, हाडावर, टोचल्यासारखं दुखलं असतं, किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकलं असतं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, मग एक पाऊलही चालू दिलं नसतं, म्हणाल्या. माझं वीतभर होतं, स्नायूच्या कडेनं. एक पूर्ण दिवस पाय वर ठेवून झोपायचं, दिवसातून चारदा थंड पाण्याची पट्टी, नंतर रोज पंधरा किलोमीटरच्या वर नाही, आणि दुखणं वाढलं तर तिथेच थांबायचं. मी सगळं कबूल केलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असा विचार तीन दिवस करत होते. आलेल्या पाच जणांत माझी एक जुनी मैत्रीण होती. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण घरगुती, इथे नको. तिनं गटही सोडला होता. तिला कोणी सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही. ती आली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रात्री मी पडले होते तेव्हा तिनं माझ्या सॅकमधले सगळे मोजे काढले. धूळ, घाम, फुटलेल्या फोडांचं रक्त. विहिरीच्या पाण्यानं घासून धुतले आणि चुलीच्या उबेला एकेक करून उलटसुलट वाळवत बसली. मध्यरात्री जाग आली तेव्हाही ती चुलीपाशीच होती. सकाळी घडी घातलेल्या सहा जोड्या माझ्या उशाशी होत्या. आम्ही दोघी अजूनही त्या जुन्या गोष्टीबद्दल बोललेलो नाही.

सावनेर, पाटणसावंगी, कोराडी. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या की नागपूर आलं असं लहानपणी वाटायचं, तसंच वाटलं. शेवटच्या दिवशी कोराडीच्या जगदंबेचं दर्शन घेऊन निघालो. मानकापूरला दोघं थांबलेले, सदरला एक, झिरो माइलला काकू स्वतः. कोणी हार आणला नाही, कोणी ढोल आणला नाही. आपापल्या ठिकाणी उभे राहिले आणि मी आले की माझ्या चालीनं चालायला लागले. पतंगांचे दिवस संपले नव्हते, रस्त्यावर मांजा लोंबत होता, म्हणून डॉक्टरताईंनी माझ्या गळ्याला जाड स्कार्फ गुंडाळला होता. महालात गल्लीच्या तोंडाशी गार्डकाका थांबले. "इथून पुढं तू जा, घर तुझं आहे," म्हणाले.

आई दारात उभी होती.

---

सावनेरचा_वाटाड्या | २५ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, वाचून छाती भरून आली. आमच्या गावावरून गेलात आणि आम्हाला पत्ता नाही, याचं वाईट वाटलं. छोट्या लाइनचा उल्लेख वाचून वडिलांना हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ते सावनेरहून त्याच गाडीनं इतवारीला भाजी घेऊन जायचे. गाडी एवढी हळू की चढावर लोक उतरून बाजूनं चालत आणि परत चढत. गार्डकाकांना आमच्या घरून नमस्कार सांगा.

---

चंद्रभागा_तीरी | २५ जानेवारी, रात्री ११:०२

आळंदी ते पंढरपूरही साधारण अडीचशे किलोमीटरच. मी तीन वाऱ्या केल्या आहेत. वारीत शेवटच्या टप्प्यात असे हात आपोआप पुढे येतात. कोणी पायाला तेल चोळतं, कोणी फाटलेली चप्पल शिवून देतं, कोणी दाढी करून देतं, पैशाचं नाव नाही. पण वारीत आपण लाखांत एक असतो, आपल्यासाठी कोणी वेळ लिहून ठेवत नाही. वहीवाला भाग मी दोनदा वाचला.

---

डोंगरयात्री_एमएच३१ | २६ जानेवारी, सकाळी ७:३०

अभिनंदन. एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नका. शेवटचे साठेक किलोमीटर सॅक दुसऱ्यानं उचलली, तर हा प्रवास स्वतःच्या बळावर केला असं म्हणता येईल का? मी स्वतः लांबचे ट्रेक करतो आणि ओझं स्वतःचं स्वतः वाहणं हा माझ्यासाठी त्यातला मोठा भाग आहे.

---

पाऊलखूण | २६ जानेवारी, सकाळी ८:५०

राग कशाला. हा प्रश्न मलाही सातनूरच्या रस्त्यावर पडला होता. मी निघाले ते स्वतःचं बळ बघायला नाही, घर हळूहळू जवळ येताना बघायला. ते मी पायानं केलं, एक पाऊलही गाडीत बसले नाही. आजोबाही एकटे जात नसत, जथा असायचा, थकलेल्याचा त्रिशूळ दुसरा घेई. तुमची रीत वेगळी आहे आणि ती तुमच्यासाठी बरोबरच आहे. पण काकांनी बस दाखवली असती तर मी आज हा धागा लिहिलाच नसता. त्यांनी ओझं घेतलं, वाट माझ्याकडेच ठेवली.

---

रानवारा | २६ जानेवारी, दुपारी १२:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टरताईंनी केलेली तपासणी योग्य होती. लांब चालणाऱ्यांनी लक्षात ठेवा: नडगीचं हे दुखणं बहुतेक वेळा अचानक वाढवलेल्या अंतरानं आणि उतारानं होतं. पहिल्या दिवशीच अंतर निम्मं करा, चौथ्या दिवशी पस्तावून उपयोग नाही. फोड आला तर वरची कातडी सोलू नका, तीच नैसर्गिक पट्टी असते. फार ताणला असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला बारीक छिद्र करून पाणी काढा आणि वर स्वच्छ पट्टी लावा. मधुमेह असेल तर हे घरी अजिबात करू नका. पाण्यात घालायची ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आणि हो, धुतलेले कोरडे मोजे हे निम्मं औषध आहे. तुमच्या मैत्रिणीला ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण तुमचे पाय तिनं वाचवले.

---

इंदोरा_चौक | २६ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

मी इथे फारसा लिहीत नाही. हे वाचून लिहावंसं वाटलं.

आमचं घर उत्तर नागपुरात. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, १९५६ पासून येत आहेत. नागपुरातले लोक त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर जेवणाचे, पाण्याचे मंडप घालतात. आमचे वडील मी शाळेत असल्यापासून मला पुरीभाजी वाढायला नेत. एका वर्षी एक म्हातारी बाई मंडपात आली. पायात चप्पल नाही, टाचा फाटलेल्या. दूरच्या गावाहून निघाली होती, काही वाट रेल्वेनं, बाकी पायी. मी ताट पुढे केलं तर म्हणाली, "आधी दर्शन, मग जेवण. पण भूमी किती लांब आहे अजून, लेकरा?"

वडिलांनी माझ्या हातातला झारा घेतला आणि म्हणाले, "जा, आजीसंगं जा." तिला कडेवर घ्या, सायकलवर बसवा असं काही नाही. मी तिच्याबरोबर चाललो. गर्दीत ती माझं मनगट धरून होती. स्तूप दिसल्यावर तिनं मनगट सोडलं आणि दोन्ही हात जोडले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. परत आलो तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही, झारा परत हातात दिला.

तुमचे गार्डकाका गल्लीच्या तोंडाशी थांबले हे वाचलं आणि ते मनगट आठवलं.

---

रेवाकाठ | २६ जानेवारी, रात्री ९:१०

माझा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवते. नर्मदा परिक्रमेत मी चार महिने एकटी चालले. सदावर्त, आश्रम, वाटेवरच्या गावातल्या माताराम, सगळ्यांनी सांभाळलं. परिक्रमा पूर्ण व्हायला दोन दिवस राहिले असताना माझे मित्र-मैत्रिणी गाडी करून अचानक आले. केक, फुगे, व्हिडिओ. प्रेमानंच आले होते, त्यात शंका नाही. पण नदीशी जे बोलणं चार महिने चाललं होतं ते तिथे तुटलं. शेवटचे दोन दिवस मी त्यांच्यासाठी हसत होते. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती: कोणाला असं भेटायला जाल तर आधी थोडा वेळ गप्प चाला.

---

पाऊलखूण | २६ जानेवारी, रात्री ९:५५

रेवाकाठ, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. तुमचे दोन दिवस तुम्हाला परत मिळायला हवेत असं वाटतं. ओंकारेश्वरला कधी जाणार असाल आणि सोबत हवी असेल तर सांगा. मी मागे चालेन, बोलणार नाही.

इंदोरा_चौक, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांच्या वडिलांना नमस्कार सांग.

---

इंदोरा_चौक | २६ जानेवारी, रात्री १०:२०

वडील आता नाहीत ताई. मंडप आम्ही भाऊ-भाऊ चालवतो. या दसऱ्याला या.

---

कामठी_रोड | २७ जानेवारी, सकाळी ६:५५

नवरात्रात कोराडीला रात्री पायी जातो आम्ही, तेव्हा वाटेत चहाच्या स्टॉलवर अनोळखी पोरं हात धरून बसवतात. अंतर थोडं आहे, पण भावना हीच.

मी आणि माझा चुलतभाऊ यंदा महाशिवरात्रीला नागपूरहून चौरागडला पायी निघतोय, तुमच्या उलट दिशेनं. आजोबांचा त्रिशूळ आहे घरी, तो न्यायचा आहे. ताई, चढाच्या बाजूनं सिल्लेवानी घाट एका दिवसात करावा का? आणि उमरानाल्याच्या आसपास मुक्कामाचं कसं?

---

पाऊलखूण | २७ जानेवारी, सकाळी ८:१५

रामाकोना ते उमरानाला एका दिवसात करू नका. रामाकोन्याला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी घाट चढून वरच्याच एखाद्या गावात थांबा, उमरानाला तिसऱ्या दिवशी. मुक्कामाची सोय फोनवर पक्की झाल्याशिवाय सकाळी निघू नका, माझी चूक तिथेच झाली. मटकुलीच्या पुढचं जंगल उजेडातच. त्रिशुळाला वरून कापड गुंडाळा, ट्रकवाल्यांच्या दिव्यात चमकतो.

केळवदच्या शेतावर सांगून ठेवलं आहे, पहिल्या नाहीतर दुसऱ्या मुक्कामाला या. माझी मैत्रीण म्हणाली, मोजे किती जोड्या नेताय ते विचार.

आणि निघण्याची तारीख व वेळ नक्की कळवा. गार्डकाकांनी नवी वही आणली आहे.